६१७४ आणि भाचीचा 'का?'

नवी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली की माझा पहिला प्रोग्रॅम ठरलेला असतो. लोक 'हॅलो वर्ल्ड' लिहितात, मी ६१७४ शोधतो. जुनी खोड आहे, जात नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी (मावशी, हे खास तुझ्यासाठी!) थोडक्यात सांगतो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग ते हलत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा हा शोध, १९४९ साली जाहीर झालेला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा तो जगभर पोचला.

या एवढ्याशा कोड्यात भाषेचा स्वभाव कळतो. सी मध्ये भागाकार आणि बाकी करत एकेक अंक सुटा करावा लागतो. पायथनमध्ये संख्येची अक्षरं करून सॉर्ट केलं की झालं. पण तिथेच मी एकदा आपटलो. २१११ मधून १११२ गेले, उरले ९९९. पुढचं शून्य धरलं नाही, तर ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य! दहा मिनिटं मला वाटत होतं की कापरेकर चुकले. हॅस्केलमध्ये तर 'पुन्हा पुन्हा कर' असं सांगायचंच नसतं, न संपणारी यादी लिहायची आणि हवी तेवढी वाचायची. डोकं वेगळ्या बाजूने चालायला लागतं.

असो. तर झालं असं, की मे महिन्याच्या सुट्टीत भाची आली होती. तिला मोठ्या ऐटीत प्रोग्रॅम दाखवला. पुढची शून्यं धरून ९९९० संख्या, डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळ्या तपासून झाल्या. ती म्हणाली, "मामा, पण असं का होतं?"

मी गप्प. चार-पाच भाषांत लिहिलेला प्रोग्रॅम, आणि 'का' माहीत नाही!

मग दोघं वही घेऊन बसलो. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले. वजाबाकी मांडली तर उत्तर येतं ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे चार अंक महत्त्वाचे नाहीतच, फक्त दोन फरक महत्त्वाचे! पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याएवढा. मोजले तर सगळे मिळून ५४. पहिल्याच वजाबाकीत ९९९० संख्यांच्या फक्त ५४ उरतात. तेवढ्या तर वहीच्या एका पानावर हाताने होतात. आम्ही केल्या. सगळ्या वाटा ६१७४ लाच मिळाल्या.

मला आता वाटतं, प्रोग्रॅमने 'हो, असंच होतं' एवढं कळतं, आणि तेही कमी नाही. पण आपण तिथेच उठून जातो. आता तर प्रोग्रॅमसुद्धा एआय लिहून देतं, म्हणजे उठून जाणं आणखी सोपं. मी इतकी वर्षं भाषा बदलत राहिलो आणि प्रश्न एकदाही बदलला नाही, याची खरं सांगायचं तर लाज वाटली. म्हणून आता नियम केलाय: आधी वही, मग कीबोर्ड.

जाता जाता गृहपाठ. कापरेकरांचं जन्मसाल १९०५. हाताने करून बघा. बरोब्बर सात वजाबाक्या लागतात. मास्तर सहज सुटत नाहीत!