ग्राहक राजा, मग विक्रेता कोण?

'ग्राहक हा राजा आहे' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर प्रश्न विचारणेही उद्धटपणाचे वाटते. तरी मी तो विचारणार आहे. राजाने माल घेतला, पैसे दिले नाहीत आणि तो दुसऱ्या राज्यात बसला आहे, तर प्रजेने जायचे कुठे?

ही प्रजा कोण, ते आधी पाहू. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि परळ-लालबागच्या चाळींत घर चालवायचा भार मोठ्या प्रमाणात बायकांवर आला. कुणी डबे केले, कुणी मसाले कुटले, कुणी शिलाई मशीन घेतले. आज त्यांच्या लेकी-सुना तेच काम मोबाईलवरून करतात. गिरगावातून पूजेचे साहित्य जाते, दादरहून साड्या, लालबागहून मसाले. 'घरबसल्या देशभर विका' असे सरकार सांगते, बँक सांगते, बचत गटाच्या बैठकीतही तेच सांगितले जाते. पैसे अडकल्यावर मात्र यांपैकी कुणीच काही सांगत नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीची अम्मी कापडी पिशव्या शिवते. परराज्यातल्या एका दुकानदाराने तिच्याकडून दोनदा माल नेला, पैसे वेळेवर दिले. तिसऱ्या वेळी मोठी ऑर्डर दिली, ४२ हजारांचा माल उतरवून घेतला आणि फोन उचलणे बंद केले. पोलिसांनी सांगितले, 'हे दिवाणी प्रकरण आहे.' एका वकिलांनी सांगितले, 'तिकडे जाऊन केस लढणार का? सोडून द्या.' नातेवाईक म्हणाले, 'सोडून दे, सदका समज.' माझा राग या 'सोडून द्या'वर आहे. सदका आपल्या मर्जीने देतात. कुणी लुबाडून नेलेल्या पैशाला ते नाव देणे हा त्या शब्दाचाही अपमान आहे.

मी भाषा शिकवतो, म्हणून आधी शब्द साफ करतो. दावा, वकील, फिर्याद, अर्ज, तारीख, मुद्दत हे सगळे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही. दोन्ही भाषांतल्या माणसांना ते तोंडपाठ आहेत, पण त्यांतला फरक कुणी समजावत नाही. माल घेतला आणि नंतर पैसे दिले नाहीत, तर प्रकरण बहुधा दिवाणी असते. सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता, उदाहरणार्थ पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवून माल उचलला, तर ते फौजदारी आहे. अशा वेळी ताबडतोब १९३० क्रमांकावर कळवावे. 'आरोपी आमच्या हद्दीत राहत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. आणि मेसेज किंवा फोनवरून फसवणूक झाली असेल, तर तो मेसेज जिथून गेला किंवा जिथे मिळाला, त्या दोन्ही ठिकाणी खटला चालू शकतो.

आता दिवाणी बाजू. 'तिकडे जाऊन लढावे लागेल' हे अर्धसत्य आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी जिथे राहतो तिथे दावा लावता येतो, तसाच दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः जिथे घडले तिथेही लावता येतो. सौदा मुंबईत पक्का झाला असेल, पैसे मुंबईत द्यायचे ठरले असेल, तर मुंबईचे न्यायालय आपले आहे.

सौदा 'कुठे' पक्का झाला याचा सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये दिलेला निकाल आपल्या खामगावच्या एका मिलचा आहे. अहमदाबादच्या व्यापाऱ्याने ट्रंककॉलवर खामगावकडे सरकी पेंडेची मागणी केली. खामगावने फोनवर होकार दिला, पण माल दिला नाही. व्यापाऱ्याने अहमदाबादेत दावा लावला. खामगावचे म्हणणे होते की होकार आम्ही इथून दिला, म्हणून करार इथला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तो मुद्दा उचलून वेगळे मत नोंदवले, पण बहुमताने ठरले की फोनवरचा होकार जिथे ऐकला जातो, करार तिथे होतो. विक्रेता अडकला आणि त्याला अहमदाबादला जावे लागले.

यातून छोट्या विक्रेतीने घ्यायचा धडा साधा आहे. शेवटचा 'मंजूर' समोरच्याकडून आपल्याकडे आला पाहिजे. भाव, पैसे देण्याची मुदत, 'रक्कम मुंबईतील खात्यात जमा करावी' आणि 'वाद मुंबईच्या न्यायालयात' या चार ओळी आधी आपण पाठवाव्यात आणि त्यावर त्याचा लेखी होकार घ्यावा. माल गेल्यानंतर बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली अट तितकी बळकट नसते.

व्यवहार लिहून ठेवा हा सल्ला नवा नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. आमच्या घरांत ती पाठ असते आणि व्यवहार तोंडी चालतात! व्हॉट्सॲपवरचे बोलणे पुरावा होऊ शकते, पण त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पुन्हा बजावले. म्हणून पैशांचा वाद मिटेपर्यंत तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. कुरियरची पोच सांभाळा. मालाच्या किमतीसाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. 'देतो, देतो' ऐकत ती संपू देऊ नका.

एक दार खास छोट्या उत्पादकांसाठी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने खरेदीदाराला पैसे देण्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवस दिले आहेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार विक्रेत्याच्या भागातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते आणि खरेदीदार भारतात कुठेही असला तरी चालतो. अर्ज ऑनलाइन होतो. निकालाला न्यायालयात आव्हान द्यायचे, तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अट एकच, उद्यम नोंदणी हवी. ती फुकट आहे आणि माल देण्यापूर्वी करावी, कारण नंतर नोंदणी करून जुनी बाकी आणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ मध्ये नकार दिला आहे. त्या पिशव्या शिवणाऱ्या अम्मीने कर्जासाठी उद्यम नोंदणी आधीच केली होती. हे दार तिच्यासाठी उघडे होते, पण तिला ते कुणीही दाखवले नाही.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. हे दार शिवणारीसाठी आहे, विकणारीसाठी नाही. २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली, पण केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकलेल्या पैशांचे संरक्षण त्यांना दिले नाही. म्हणजे दादरला साड्या आणून ऑनलाइन विकणारीने कर्ज जरूर काढावे, पण तिचे पैसे बुडाले तर तिचे ती बघेल.

मग ती जाणार कुठे? धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात? त्याचा कायदा १८८२ चा आणि पैशांच्या दाव्याची मर्यादा १० हजार रुपये. त्यावर एक रुपया गेला की शहर दिवाणी न्यायालय, ज्याची मर्यादा २०२४ पासून १० कोटी आहे. बिल्डरचे कोट्यवधींचे भांडण आणि चाळीतल्या बाईचे ४२ हजार एकाच रांगेत! बड्यांसाठी मर्यादा एक कोटीची दहा कोटी झाली. छोट्यांची दहा हजारांवर थिजली आहे.

दुसरीकडे कर पाहा. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा तर, काही हस्तकला वस्तू सोडल्या, तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी सक्तीची. सरकारला राज्याची सीमा पहिल्या रुपयाला दिसते. तोच रुपया सीमेपलीकडे बुडाला की ती दिसेनाशी होते. ग्राहकाला मात्र २०१९ च्या कायद्याने स्वतःच्या गावी तक्रार करायचा हक्क दिला. तो योग्यच आहे आणि मला तो कमी करायचा नाही. पण पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार या कायद्याने 'ग्राहक' नाहीच. मग त्याच्यासमोर विक्रेतीला दुबळे का ठेवायचे?

'आगाऊ पैसे घ्यावेत ना' असे शहाणे लोक म्हणतात. मोठा दुकानदार छोट्या विक्रेतीला आगाऊ देत नाही, कारण तिच्यासारख्या दहा जणी रांगेत आहेत हे त्याला ठाऊक असते. 'कायदा बदलणे सोपे नाही' असेही म्हणतात. चेक न वटल्याचा खटला चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी चालेल, असे सर्वोच्च न्यायालयाने दशरथ राठोड प्रकरणात ऑगस्ट २०१४ मध्ये ठरवले. वर्ष भरण्याआधी वटहुकूम निघाला आणि खटला पैसे घेणाऱ्याच्या बँकेच्या गावी आला. इच्छा असली की न्यायालय धनकोच्या दारी येते.

म्हणून मागण्या तीन. लघुवाद न्यायालयाची मर्यादा आजच्या रुपयाला साजेशी करा. थकबाकीचे संरक्षण छोट्या व्यापाऱ्यांनाही द्या. आणि परराज्यातली वसुली विक्रेत्याने हेलपाटे न मारता होईल अशी सोय करा, कारण हुकूमनामा मुंबईत मिळाला तरी आज तो बजावायला पुन्हा तिकडच्याच न्यायालयात जावे लागते.

तोवर आहे ते तरी वापरू. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत दावा लावण्यापूर्वीही तडजोड होऊ शकते. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत पाककृतीच्या आधी ही माहिती वाचून दाखवा. मी आमच्या पालकसभेत वाचणार आहे, उर्दूत आणि मराठीत.