गावे घेतली, ग्रामसभा गेली

तेवीस गावांच्या समावेशानंतर ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेचे क्षेत्र सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले आणि क्षेत्रफळाने ती राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली. या निर्णयामागचा प्रशासकीय तर्क नाकारण्याचे कारण नाही. सांडपाणी आणि कचरा गावाची शीव पाहून थांबत नाहीत आणि टोलेजंग गृहसंकुलांना नागरी सुविधा पुरवणे हे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले काम उरले नव्हते. आक्षेप आहे तो क्रमाला. गावे महापालिकेत येताच ग्रामपंचायती संपुष्टात आल्या, महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मुदतीपूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घातलेले असूनही मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. तोवर प्रशासकीय राजवट होती, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आयुक्त आणि सभागृहाच्या वतीने त्याला मंजुरी देणारा प्रशासक ही एकच व्यक्ती होती.

कारभार सुधारायचा तर लोकशाहीने काही काळ कळ सोसावी, असे म्हणणाऱ्यांनी कारभार तरी सुधारला काय, हे पाहावे. या तेवीस गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे विकास आराखडा आखणारी आणि बांधकाम परवानगी देणारी यंत्रणा, म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (‘पीएमआरडीए’) नेमण्यात आले, परिणामी इमारतीला परवानगी एकाची आणि तिला पाणी देण्याची जबाबदारी दुसऱ्याची, असा प्रकार झाला. २०२५च्या आरंभी सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण वाढले, तेव्हा याच तेवीस गावांपैकी नांदेड गावातील विहिरीतून आसपासच्या गावांना जाणारे पाणी शुद्धीकरण प्रकल्पाविनाच, केवळ निर्जंतुक करून दिले जात असल्याचे उघड झाले. त्या वेळी समावेशाला साडेतीन वर्षे उलटली होती. सर्व मतदारांची मिळून बनणारी ग्रामसभा अनेकदा गणसंख्येअभावी तहकूब होते हे खरे, तरी तिथे सरपंचाला जाब विचारण्याची सोय होती. शहरात तिच्या जागी क्षेत्रसभेची तरतूद आहे, पण ती कागदावरून खाली उतरलेली नाही. २०१७ मध्ये घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे कराच्या असंतोषानंतर २०२४ मध्ये वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली, यातच सारे आले.

डेन्मार्कने १ जानेवारी २००७ पासून २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या, परंतु नव्या हद्दींनुसार निवडणूक नोव्हेंबर २००५ मध्येच उरकली आणि २००६ हे वर्ष विलीनीकरणाच्या तयारीसाठी निवडून आलेल्यांच्याच हाती दिले. महाराष्ट्रात हद्दवाढीचे प्रस्ताव यापुढेही येतच राहतील; तेव्हा नव्या हद्दीतील निवडणुकीचा निकाल लागल्याशिवाय ग्रामपंचायत बरखास्त होणार नाही, अशी तरतूद राज्य सरकारने कायद्यात करावी आणि पुण्याच्या नव्या नगरसेवकांनी पहिली क्षेत्रसभा याच गावांत बोलवावी.