चौकटीबाहेर राहिलेला मृत्यू : वीरगळांची छायाचित्रे आणि आपला क्रॉप

१. एकसरच्या वीरगळांचा विषय निघाला की बहुधा एकच चित्र डोळ्यांसमोर येते : वल्ह्यांच्या जहाजांची रांग. बोरिवली परिसरातील या शिळांवर सागरी युद्ध कोरलेले आहे आणि तसे चित्रण दुर्मीळ आहे, म्हणून त्याचे आकर्षण स्वाभाविकच. परंतु जहाजांच्या वर आणि खाली काय आहे, हे किती जणांनी पाहिले असेल?

२. या थ्रेडमध्ये एक मत मांडतो. वीरगळ हे मृत्युस्मारक आहे. त्याचे छायाचित्र काढताना आणि विशेषतः क्रॉप करताना आपण नकळत त्यातला मृत्यूच वगळतो. उरते ते केवळ युद्धाचे चित्र. मग त्या चित्राला हवा तो अर्थ चिकटवता येतो.

३. आधी रचना समजून घेऊ. ‘वीरगळ’ या शब्दातील ‘गळ’ हा कन्नड ‘कल्’ म्हणजे दगड या शब्दाशी जोडला जातो. शिळेवर साधारणतः तीन-चार आडवे कप्पे असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात. तळाशी लढाई किंवा आडवा पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर कलश. पुष्कळ शिळांवर सूर्य-चंद्रही असतात. ते आकाशात आहेत तोवर या माणसाची स्मृती टिकावी, हा त्यांचा अर्थ.

४. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. वीराचे नाव नाही, गाव नाही, शक नाही. म्हणजे कप्प्यांचा क्रम हाच तिथला मजकूर. शिलालेखाच्या पाच ओळींपैकी मधलीच एक ओळ छापून कोणी तिचा अर्थ सांगू लागला, तर आपण त्याला हसू. वीरगळाच्या एका कप्प्याबाबत मात्र तेच आपण रोज करतो.

५. आता थोडे गणित. एकसरच्या मोठ्या शिळा सुमारे १० फूट उंच आणि ३ फूट रुंद आहेत. शिळेची रुंदी चौकटीत बरोबर बसवली, तर चौरस छायाचित्रात १० पैकी ३ फूटच मावतात. ४:५ या प्रमाणात पावणेचार फूट. मोबाइलच्या उभ्या ९:१६ पडद्यावरही जेमतेम सव्वापाच. म्हणजे कोणता भाग दिसावा हे पुष्कळदा ॲपची चौकट ठरवते, आणि त्या चौकटीत काय बसवायचे याचा निर्णय आपली आवड करते. आवड अर्थातच जहाजांची.

६. एकसर येथे याचा परिणाम काय होतो, पाहा. या शिळांचा संबंध अनेक अभ्यासकांनी ठाण्याचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील, इ. स. १२६५ च्या सुमाराच्या संघर्षाशी जोडला आहे. हेमाद्रीच्या ग्रंथातील राजप्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे वर्णन येते, त्याचा या तर्काला आधार मिळतो. मात्र हा तर्क आहे. त्याआधीचा काळ सुचवणारी मतेही मांडली गेली आहेत.

७. तर्क खरा मानला, तरी या लढाईत दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती आणि शेवटी उत्तर कोकणातील शिलाहारांची सत्ता संपली. कोणाच्या तरी घरातला कर्ता माणूस गेला, म्हणून ही शिळा उभी राहिली. जहाजांच्या वरच्या कप्प्यांत लिंगपूजा आहे, शिवलोक आहे, माथ्यावर कलश आहे. ते सारे कापून उरलेल्या जहाजांखाली ‘आमचा विजय’ असे लिहिणे म्हणजे शोकपत्रिकेतून लग्नपत्रिका कातरून काढण्यासारखे आहे.

८. हा प्रश्न वीरगळांपुरता मर्यादित नाही. सुरतेचे इंग्रजी कबरस्तान घ्या. महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी केली, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन होता. त्याचा मृत्यू १६६९ चा. शिवकालाच्या अभ्यासकांना त्याच्या भव्य घुमटाचे छायाचित्र परिचयाचे असते. घुमट आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसावा, म्हणून ते खालून वर बघत टिपलेले असते.

९. त्याच स्मारकात त्याचा धाकटा भाऊ ख्रिस्तोफर याचीही कबर आहे. त्याचा मृत्यू १६५९ चा. त्याच्या लॅटिन मृत्युलेखात व्यापाऱ्याच्या हिशेबवहीची भाषा आहे : कोणाचे काय गेले, कोणाला काय लाभले. परदेशात मेलेल्या एका कारकुनी पेशाच्या माणसाचे आयुष्य जमाखर्चात मांडले आहे. फक्त घुमट दाखवला की साम्राज्याचा रुबाब दिसतो. लेखही दाखवला की घरापासून दूर मेलेला एक माणूस दिसतो. इतिहासाला दोन्ही हवेत.

१०. आता आक्षेपाकडे वळू. ‘बारकावा दाखवायचा तर जवळून टिपावेच लागते.’ मान्य. शस्त्राची घडण, केशरचना, जहाजाची डोलकाठी, गायींची संख्या हे सारे जवळून टिपलेल्या चित्रातूनच अभ्यासता येते. पायाशी गायी असतील, तर वीर गोधन राखताना पडला असे अनुमान निघते. क्रॉपला माझा विरोध नाही. पूर्ण शिळेविना एकटा फिरणाऱ्या क्रॉपला आहे.

११. म्हणून एक साधी शिस्त. प्रत्येक शिळेची किमान चार छायाचित्रे घ्यावीत : परिसरासह शिळा, शेजारी मोजपट्टी ठेवून पूर्ण शिळा, खालून वर या क्रमाने प्रत्येक कप्पा, आणि दोन्ही कडा व मागची बाजू. कॅमेरा शिळेच्या मध्याच्या उंचीवर आणि तिला समोरासमोर धरावा. खालून वर टिपल्यास वरचे कप्पे आक्रसतात आणि नेमका स्वर्गच लहान होतो.

१२. प्रकाश सकाळी किंवा सायंकाळी तिरपा पडतो, तेव्हा झिजलेले कोरीवकामही सावलीमुळे उठून दिसते. अंधार पडल्यावर विजेरी बाजूने धरली तरी काम भागते. खडू, पीठ, तेल, रंग यांपैकी काहीही शिळेला लावू नये. आपल्याला एक स्पष्ट छायाचित्र मिळते, पण दगडाची कायमची हानी होऊ शकते.

१३. जमिनीची रेघ कधीही कापू नये. शिळा कुठवर गाडली गेली आहे, हे तीच सांगते. तळाचा कप्पा जमिनीखाली असेल, तर वीर कसा मेला हे सांगणारा भागच आपल्याला दिसलेला नाही, आणि वाचकालाही ते कळायला हवे. रेघ कापली की अपुरी शिळा पूर्ण भासते.

१४. शेंदूर, हार, नारळ, शेजारचा पत्र्याचा आडोसा, गटाराचे पाणी, यांना ‘चित्र बिघडवणारे’ समजून आपण कापतो. पण शेंदूर हा त्या शिळेच्या चरित्राचा पुढचा अध्याय आहे : विस्मृतीत गेलेला वीर गावाचा देव झाला. आणि गटार हा तिच्या आजच्या अवस्थेचा पुरावा आहे. संवर्धनाची मागणी करायची, तर सुबक क्रॉप तिथे उपयोगी पडत नाही. गटारासकट काढलेले छायाचित्र पडते.

१५. शिळा मूळ जागीच आहे की मंदिराच्या आवारात आणून टेकवली आहे, हेही परिसरावरूनच कळते. वीरगळाशेजारी सतीशिळा, म्हणजे बांगड्या भरलेल्या हाताची शिळा असेल, तर दोन मृत्यूंचा संबंध तपासता येतो. आपण चौकट आवळतो आणि बहुतेक वेळा ती स्त्रीच बाहेर राहते.

१६. या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्यामागे राहिला तो एक दगड, आणि तो उभारणाऱ्यांनी त्यावर तळापासून माथ्यापर्यंत सांगितलेली एक गोष्ट. ती शेवटपर्यंत ऐकून घेणे एवढेच आपल्या हाती आहे. आपल्या गावच्या वीरगळाचे छायाचित्र खाली जरूर द्या. जमिनीच्या रेघेपासून कलशापर्यंत पूर्ण.