पंचाचा कौल आणि पैलवानाचा तोल

अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती झाली. पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे हे दोघेही पुणे जिल्ह्याचेच मल्ल. एक मुळशीचा, दुसरा राजगुरुनगरचा. पंचांनी राक्षेला चीतपट घोषित केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहून निर्णय द्यावा, अशी त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाही. तेव्हा त्याने पंचाची कॉलर धरली आणि त्याला लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या लढतीत, अखेरची काही सेकंदे उरली असताना, सोलापूरचा महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर रुष्ट होऊन मॅट सोडून गेला आणि गदा मोहोळच्या खांद्यावर गेली. राक्षे आणि गायकवाड या दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे संघटनेने जाहीर केले.

या प्रसंगावर जी चर्चा झाली ती दोनच टोकांना झाली. एका पक्षाच्या मते पैलवान माजले आहेत. दुसऱ्या पक्षाच्या मते पंच विकले गेले आहेत. एका माजी विजेत्या मल्लाने तर पंचाला लाथ नव्हे, गोळ्याच घालायला हव्या होत्या, असे उद्गार काढले. अशा उद्गारांना टाळ्या मिळतात, पण त्यांतून पुढच्या वर्षीची एकही कुस्ती अधिक न्याय्य होत नाही. मधला प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनी सोडून दिला. आपल्यावर अन्याय झाला असे ज्या मल्लाला प्रामाणिकपणे वाटते, त्याला त्या क्षणी दाद मागण्याची कोणती वाट मोकळी होती?

हा प्रश्न बारामती आणि इंदापूरला परका नाही. महाराष्ट्र केसरीचे मैदान २००५ साली इंदापूरला आणि २००६ साली बारामतीला भरले होते. इंदापुरात सईद चाऊस आणि बारामतीत अमोल बुचडे यांनी गदा उचलली. ज्या राज्य कुस्तीगीर परिषदेने ही स्पर्धा वर्षानुवर्षे भरविली तिचे अध्यक्षपद दीर्घकाळ बारामतीच्या शरद पवार यांच्याकडे होते. अहिल्यानगरचा प्रकार घडला तेव्हा राज्याचे क्रीडामंत्री इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे होते. नीरेच्या कालव्यावरील आणि भीमेकाठच्या गावांच्या यात्रा कुस्तीच्या फडावाचून पार पडत नाहीत. तेव्हा पंच, पैलवान आणि प्रेक्षक यांच्यातील हे नाते कसे बिघडले याचा विचार या दोन तालुक्यांत झाला, तर तो अस्थानी ठरू नये.

यात्रेच्या फडात पंचाचे काम एका अर्थाने सोपे असते. 'पाठीला माती लागली' हा मराठीतला वाक्प्रचार मुळात पुराव्याची भाषा आहे. मल्ल चीत झाला की ओली तांबडी माती त्याच्या पाठीला चिकटते. तो उठून उभा राहिला की चारी बाजूंच्या माणसांना ती दिसते. पंचाने काही सांगण्यापूर्वीच निकाल उघडा पडलेला असतो. शंका राहिलीच तर फडावरची जाणती मंडळी एकत्र येतात, वस्तादांना विचारले जाते, कुस्ती पुन्हा धरायला लावतात किंवा जोड बरोबरीत सोडवितात. त्यात वेळ जातो, आरडाओरडही होते. पण ज्याचे म्हणणे आहे ते ऐकून घेण्याला तेथे जागा असते.

गादीवर ही साक्ष नाहीशी झाली. मॅटवर खांदा टेकला तरी पाठीला काही लागत नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले होते काय, आणि प्रतिस्पर्ध्याचा पूर्ण ताबा पंचाला दिसेल इतका वेळ ते टेकलेले राहिले काय, हे क्षणभराचे दृश्य असते आणि ते पाहणारे डोळे तीन: मॅटवरचा पंच, बाजूला बसलेला दुसरा पंच आणि मॅटचा प्रमुख. दोघांचे एकमत झाले की गुण दिला जातो. मानवी दृष्टीची मर्यादा ओळखून आंतरराष्ट्रीय नियमांनी त्यात एक खिडकी ठेवली आहे. निर्णय चुकला असे प्रशिक्षकाला वाटले तर तो मऊ स्पंजचा ठोकळा मॅटवर टाकतो, कुस्ती थांबते आणि चित्रफीत पाहिली जाते. आक्षेप फोल ठरला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि पुन्हा आक्षेप घेण्याचा हक्क जातो. म्हणजे तक्रार करण्याला किंमत आहे, पण तक्रार करता येते. ही व्यवस्था मोठी शहाणपणाची आहे. रागाला ती बंदी करीत नाही. ती त्याला एका ठोकळ्याचे रूप देते आणि तो ठोकळाही धापा टाकणाऱ्या मल्लाच्या हाती न देता बाहेर बसलेल्या माणसाच्या हाती देते.

तथापि याच नियमांत एक अपवाद आहे आणि तो नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. चीतपटीच्या निर्णयावर असा आक्षेप घेता येत नाही. कारण असे की, चीतपट ही पंचाने किंवा बाजूच्या पंचाने सांगितल्यावर मॅटच्या प्रमुखाने पडताळून मान्य करावयाची असते. दोनदा पाहिलेल्या गोष्टीवर तिसरा आक्षेप कशाला, असा हा युक्तिवाद आहे. कागदावर तो बिनतोड आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ असा होतो की, एका-दोन गुणांच्या निर्णयाविरुद्ध मल्लाला बोलता येते. ज्या निर्णयाने त्याची कुस्तीच संपते, त्याविरुद्ध त्याला तोंड नाही. कुस्ती संपल्यानंतर निकाल बदलत नाही हाही नियमच आहे. म्हणून ही पडताळणी करणाऱ्या माणसावर सर्वांत मोठे ओझे येते. राज्याच्या किताबाच्या मैदानात, जेथे प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरे असतात, तेथे चीतपट जाहीर करण्यापूर्वी मॅटच्या प्रमुखाने अर्धा मिनिट चित्रफीत पाहिली तर कोणता नियम मोडतो? उलट त्याच्यावर सोपविलेली पडताळणी त्यानेच खऱ्या अर्थाने पार पाडली असे होईल. अहिल्यानगरच्या प्रकारानंतर चौकशी समिती नेमली गेली. परंतु चौकशी नंतरची असते आणि पैलवानाचा तोल त्या क्षणी जातो.

दाद लागणे आणि न लागणे यांत किती अंतर असते हे महाराष्ट्राला खाशाबा जाधवांच्या चरित्रातून ठाऊक असावयास हवे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, महाराजांनी पुन्हा कुस्ती लावून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला लोळविले, अशी हकीकत सांगितली जाते. तीच तक्रार कोणी ऐकून घेतली नसती तर स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला आले नसते. पुढे हेलसिंकीत उलट घडले. जपानच्या इशीबरोबरची दीर्घ कुस्ती आटोपताच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मामादबेयोवशी लढण्यास बोलाविण्यात आले. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. पण ती मागण्यासाठी भारताचा एकही पदाधिकारी मॅटजवळ नव्हता, असे सांगतात. खाशाबा थकलेल्या अंगाने लढले, हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडादिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत त्यांच्या संयमाचा गौरव होतो, तो योग्यच. मात्र त्या मॅटशेजारच्या रिकाम्या खुर्चीचा उल्लेख क्वचितच होतो.

खेळ हा खेळासारखा घ्यावा, असा उपदेश पैलवानाला करणे सोपे आहे. ज्याने तो करावयाचा त्याने आधी या कुस्तीवर काय टांगलेले असते ते पाहावे. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांना सलग तीन महाराष्ट्र केसरी किताबांनंतर पोलीस उपअधीक्षकपद मिळाले. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. खुराकासाठी जमीन गहाण टाकणारी घरे ग्रामीण भागात आजही आहेत. अशा घरातल्या मुलाच्या दृष्टीने पंचाची शिट्टी म्हणजे नेमणुकीच्या हुकुमावरची सही असते. कचेरीत एका शेऱ्यामुळे बढती अडकली तर कारकून वर्षानुवर्षे अर्ज करीत राहतो. मल्लाला त्यासाठी सेकंदेच मिळतात.

त्यात पंचावरचा विश्वासच पातळ झालेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या मैदानात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रला मिळालेल्या चार गुणांवरून राज्यभर गदारोळ झाला. पंचाला दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. त्या वेळी ज्याच्या बाजूने कौल गेला तोच महेंद्र दोन वर्षांनी कौल विरुद्ध गेला म्हणून मॅट सोडून निघाला, आणि ज्याच्या विरुद्ध गेला त्या सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला गदा जिंकली. कौल आज एकाकडे तर उद्या दुसऱ्याकडे झुकतो, एवढे तरी यावरून दिसावे. परंतु २०२२ साली राष्ट्रीय महासंघाने परिषद बरखास्त केल्यापासून राज्यात कुस्तीच्या दोन चुली मांडल्या गेल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक किताब फुलगावला तर दुसरा धाराशिवला. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला तर मार्चमध्ये कर्जतला. एकाच नावाच्या दोन गदा असतील तर पंच कोणाचा, हा प्रश्न कुस्ती लागण्याआधीच प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो. अशा मैदानात प्रामाणिक पंचाचीही चूक लबाडीच दिसते.

एवढे सगळे मान्य केले तरी पंचावर उगारलेल्या पायाचे समर्थन होत नाही. बीजिंगला २००८ साली क्यूबाचा तायक्वांदोपटू आंखेल मातोस याने पंचाच्या तोंडावर लाथ मारली आणि तो जन्मभरासाठी बाद झाला. सिडनीला मिळविलेल्या त्याच्या सुवर्णपदकापेक्षा ती लाथच आता लोकांना आठवते. याउलट बजरंग पुनियाचे उदाहरण घ्यावे. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कझाकस्तानात, यजमानांच्याच दौलेत नियाझबेकोवबरोबर त्याची उपांत्य कुस्ती ९-९ अशी सुटली आणि मोठ्या गुणांच्या डावामुळे विजय नियाझबेकोवला दिला गेला. पंचगिरीबद्दल भारतीय गोटात संताप होता. दुसऱ्या दिवशी बजरंग कांस्यपदकासाठी उतरला आणि ते त्याने जिंकले. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकाच्या लढतीत समोर पुन्हा नियाझबेकोवच होता. ती कुस्ती ८-० अशी संपली.

हा तोल जन्मजात नसतो, आणि तो मल्लाने एकट्याने सांभाळावा अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. २०१६ साली रिओत मंगोलियाच्या मल्लाविरुद्ध शेवटच्या क्षणी गुण दिला गेला तेव्हा त्याच्या दोघा प्रशिक्षकांनी मॅटवरच अंगातले कपडे उतरवून निषेध केला. जगाने तो प्रकार हसण्यावारी नेला. पण ज्याने शिष्याला आवरावयाचे तोच उघडा झाला, हे त्यातले दुःख होते. आपल्याकडच्या तालमीत वस्तादाचा शब्द अजून चालतो. लंगोट कसण्याआधी मातीला हात लावून नमस्कार करावयास शिकविणाऱ्या वस्तादानेच, कौल विरुद्ध गेला तर चार पावले मागे सरून माझ्याकडे पाहावयाचे, हेही सरावात शिकविले पाहिजे. सरावाच्या कुस्तीत मुद्दाम चुकीचा निर्णय द्यावा आणि पोराने काय केले ते पाहावे. डाव घोटून घेतात तसाच हाही घोटून घेता येतो.

खरी सुरुवात मात्र तालमीच्याही अलीकडे, शाळेच्या मैदानावर होते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असलेल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. एक सामना गमावला की वर्ष संपले. तेथे कॅमेरा नाही, स्पंजचा ठोकळा नाही, आणि पंच बहुधा एखाद्या शाळेचे शारीरिक शिक्षणाचे सरच असतात. पुष्कळदा त्यांच्याच शाळेचा संघ त्याच स्पर्धेत खेळत असतो. कबड्डीत हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसविणारे आणि लाल सामन्यातून काढणारे, ही चढती व्यवस्था सुंदर आहे; परंतु कार्ड दाखविणारा हात शेजारच्या शाळेचा आहे हे चौदा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. त्याने तोल सांभाळावा असे सांगणाऱ्या शिक्षकालाही ते ठाऊक असते.

पावसाळ्यात हंगाम सुरू होण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांची सहविचार सभा भरते. बारामतीच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांना इंदापूरचे शिक्षक पंच म्हणून आणि इंदापूरच्या सामन्यांना बारामतीचे, असा साधा ठराव त्या सभेत करता येण्यासारखा आहे. विचारणा कर्णधारानेच करावयाची, लेखी हरकत कोणाकडे आणि किती वेळात द्यावयाची, हे सामन्याच्या आधी दोन्ही संघांना उभे करून सांगता येईल. दोन्ही गावांमधले अंतर सकाळच्या एसटीने जाऊन सायंकाळी परतण्याएवढेच आहे. प्रश्न उरतो तो प्रवासभत्त्याचा, आणि तो कोणत्या शीर्षाखाली खर्ची टाकावयाचा याचा.