आवड आधीं कीं हातोटी?

शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे मुलांच्या कानीं हल्लीं एकच उपदेश पडूं लागतो : "जें मनापासून आवडतें, तोच व्यवसाय धरा." वडील माणसें तें सांगतात; मोबाईलवरील वक्ते तर अष्टौप्रहर सांगत असतात. उपदेश गोड आहे. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास आपणांस काय आवडतें हें ठाऊक असतें, असें जें त्यांत गृहीत धरिलेलें आहे, तें आम्हांस मान्य नाहीं. ज्या कामांत हात बसलेला नाहीं, त्याची गोडी कळावी तरी कशी?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. बेळगांवकडील हा मुलगा १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें दाखल झाला, तो चित्रकलेच्या ओढीनें. पुढें आढळून आलें कीं, त्यास कांहीं रंगांतील भेदच नीट ओळखतां येत नाहीं. चित्रकाराच्या वांट्यास याहून कठोर निकाल कोणता यावा? रंग सुटले, पण रेषा सुटली नाहीं. यांत्रिक ड्रॉइंगांत त्यांनीं हात तयार केला. त्याच बळावर व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तो विषय शिकविण्याची जागा मिळाली, आणि फावल्या वेळीं तेथील यंत्रांशीं ओळख झाली. मग बेळगांवास सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन विषारी होते असें शेतकरी म्हणत, आणि पहिले नांगर तसेच पडून राहिले! तरी काम सुटलें नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसूं लागली. नांगराची आवड घेऊन हे गृहस्थ जन्मास आले होते, असें कोण म्हणेल? ती गोडी कामानें लाविली.

इतकें लिहिल्यावर मनांतील एक भीतिही सांगितली पाहिजे. "आवड राहूं द्या, हुन्नर शिका" हें वाक्य आपल्या देशांत फार वाईट कामासाठीं वापरलें गेलें आहे. सुताराच्या मुलानें रंधाच धरावा, कातडें कमावणाराच्या मुलानें कातडेंच कमवावें, हेंही कौशल्याच्याच नांवानें सांगण्यांत येत असे. आजही श्रीमंताच्या मुलास विचारतात, "बाळ, तुला काय आवडतें?" आणि वसतिगृहांतील मुलास विचारतात, "लवकर पोटाला कशानें लागशील?" हा भेद आम्हांस असह्य वाटतो. हुन्नर कोणता, हें ठरविण्याचा अधिकार त्या मुलाचाच. पण निवड करावयाची तर चार कामें हातीं धरून पाहावीं लागतात. आणि तेवढी सवड गरिबाच्या मुलास शाळेवांचून दुसरें कोण देणार?

चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस पुष्कळ मुलें बसतात. कित्येकांचें लक्ष शालान्त परीक्षेंतील वाढीव गुणांवर असतें; ते पदरांत पडले कीं पेन्सिल पेटींत जाते. क्वचित् एखाद्याची जात नाहीं. पालकांस आमची विनंती एवढीच आहे कीं, काय आवडतें हें मुलास आज विचारूं नये. परीक्षा संपल्यावर, निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत, एकही गुण मिळावयाचा नसतां तो काय करीत बसतो तें पाहावें; आणि मग अर्जावर कोणती शाखा लिहावयाची, तें त्याच्याजवळ बसून ठरवावें.