टाळी कुणासाठी? धाराशिवच्या आंबेडकरी तरुणांना एक सवाल



मार्च-एप्रिल आला की आमच्या जिल्ह्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक भीमजयंतीची तयारी आणि दुसरी आयपीएल. समाजमंदिरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि खाली मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या पोरांच्या अंगात निळी जर्सी असते. निळा रंग आपला आहे, पण त्या जर्सीचा निळा आपला नाही. तो अंबानींचा आहे. दुसरा पिवळी जर्सी घालतो, तिसरा लाल. धाराशिवात जन्मलेला, कधी चेन्नई न पाहिलेला पोरगा चेन्नईसाठी सख्ख्या मित्राशी भांडतो, आठ आठ दिवस बोलत नाही.

खेळ पाहू नका असं आम्ही म्हणत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला आनंद हवा आणि तो त्याचा हक्क आहे. आमचा सवाल आनंदाला नाही, निष्ठेला आहे. आपली निष्ठा, आपला वेळ, आपला घसा आणि आपला पैसा आपण कुणाला देतोय? आणि ज्यांना द्यायला हवा होता त्यांच्या मैदानावर कोण उभं आहे?

आपला जिल्हा खो-खोचा जिल्हा आहे. हे आम्ही अभिमानानं सांगतो, पण आपल्यातल्या किती जणांनी यंदा खो-खोचा एक तरी सामना मैदानावर जाऊन पाहिला? सारिका काळे हे नाव आठवा. धाराशिवची ही लेक २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार होती. संघानं सुवर्णपदक आणलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोच्या वाट्याला हा मान दोन दशकांहून जास्त काळानं आला होता. त्या वेळी तिनं स्वतः सांगितलं की जवळजवळ दहा वर्षं आपण एक वेळच्या जेवणावर काढली. पुन्हा वाचा. देशाची कर्णधार आणि दिवसाला एक जेवण! दुष्काळी जिल्ह्यातली पोरगी उपाशीपोटी पळत होती आणि पळून पळून देशाच्या पुढे गेली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. किती जणांच्या स्टेटसला तिचा फोटो होता? आणि त्याच वर्षी जूनमध्ये बेंगळुरूचा संघ आयपीएल जिंकला तेव्हा किती जणांच्या होता? उत्तर आम्ही देत नाही. आपापला मोबाईल उघडा.

पुरुषांच्या खो-खोची व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. सहा संघ होते, सहाही पुरुषांचे. ज्या खेळात आपल्या जिल्ह्याच्या मुलींनी नाव काढलं, त्या खेळात पैसा आला तेव्हा मुली बाहेर! लीग काढणारे म्हणतील, प्रेक्षक नाहीत. म्हणजे प्रश्न फिरून आपल्याच दारात येतो. प्रेक्षक का नाहीत? कारण प्रेक्षक दुसरीकडे विकले गेले आहेत.

होय, विकले गेले आहेत. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी आयपीएल दाखवण्याचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढे पैसे कशाचे मोजले? चौकार-षटकारांचे नव्हेत. ते तुमच्या-आमच्या डोळ्यांचे मोजले. जाहिरातदाराला विकायचा माल म्हणजे आपण. माल स्वतःला मालकाचा सखा समजतो, ही यातली सगळ्यात मोठी गंमत. त्यात ॲपवर अकरा जणांची टीम लावून करोडपती व्हायचं स्वप्न वर्षानुवर्षं खेडोपाडी विकलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला. पण उसनवारीनं टीम लावलेल्या पोरांचं देणं कायद्यानं फिटत नाही.

आणि ही आंधळी निष्ठा नुसता पैसाच खात नाही. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आयपीएलचा सामना बघताना वाद झाला. रोहित शर्मा बाद झाल्यावर चेन्नईच्या एका वयस्कर चाहत्यानं आनंद व्यक्त केला, म्हणून त्याला मारहाण झाली आणि तो मेला. ४ जून २०२५ ला बेंगळुरूत विजयाच्या जल्लोषात चेंगराचेंगरी होऊन अकरा जण गेले. यातलं कुणी संघाचं मालक नव्हतं. मेले ते चाहते.

खेळाच्या चाहत्याला जात नसते, असं कुणी सांगत असेल तर त्याला वंदना कटारियाचं घर दाखवा. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत भारताच्या महिला हॉकी संघाचा पराभव झाला. हरिद्वारजवळ रोशनाबाद गावात वंदनाच्या घरासमोर फटाके फुटले आणि तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ झाली. याच ऑलिम्पिकमध्ये तिनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली होती. जिंकलात तर देशाच्या लेकी, हरलात तर जात दिसते. २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधूनं रौप्यपदक जिंकलं तेव्हाही या देशातली माणसं गुगलवर तिची जात शोधत होती. म्हणून 'खेळात राजकारण आणू नका' हा उपदेश आम्हाला करू नका. ते आम्ही आणलेलं नाही. मैदान आखलं गेलं तेव्हापासून ते तिथंच आहे.

पळवणकर बाळूंना विचारा म्हणावं. चांभार समाजातला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचा, रोलर फिरवायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायचा. पुढं पुण्याच्या हिंदूंना जिंकण्यासाठी त्याची गोलंदाजी हवी झाली. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा, पण चहाच्या वेळी बाळूंनी बाहेर बसायचं आणि वेगळ्या मातीच्या भांड्यात प्यायचं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांच्या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघाबाहेर राहणं पसंत केलं आणि १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. तो मान सवर्णांच्या मनात अचानक दया उपजल्यामुळे मिळाला नाही. तो अडून बसल्यामुळे मिळाला.

आता यातला आपल्यासाठीचा धडा. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा मोठा अभिमान होता. आपल्या माणसानं मैदानात करून दाखवलं याचा त्यांना आनंद होता. पण १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं याच बाळूंना मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं, तेव्हा बाबासाहेब मागं हटले नाहीत. लढले आणि जिंकले. बाळूंच्या गोलंदाजीला टाळी, काँग्रेसच्या खेळीला विरोध. याला म्हणतात चाहता. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. जो माणूस आयुष्यभर पुढाऱ्याची चिकित्सा करायला शिकला, तो क्रिकेटच्या कंपनीचा भक्त कसा होतो?

निष्ठावान चाहता कसा असावा हे बघायचं तर दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बीकडे बघा. अंडाकृती चेंडूचा हा खेळ वर्णद्वेषी राजवटीत गोऱ्यांचा अभिमान होता. देशाच्या संघात जवळजवळ सगळे गोरेच. काळ्या आणि मिश्रवर्णीय प्रेक्षकांना स्टेडियमात कुंपणापलीकडे वेगळी जागा. त्या जागेत उभे राहून ते काय करायचे? आपल्याच देशाविरुद्ध, पाहुण्या संघासाठी ओरडायचे! रॉबेन बेटावरचे राजकीय कैदीही पाहुण्यांच्याच बाजूनं असायचे. केपटाऊनमध्ये आजही एक मोठा चाहतावर्ग आहे, 'केप क्रुसेडर्स' म्हणून ओळखला जाणारा. ही माणसं आपल्या गावचा संघ सोडून न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चच्या क्रुसेडर्स क्लबसाठी जीव टाकतात. बाहेरच्याला हे वेड वाटेल. पण त्या वेडाच्या मुळाशी आजोबांचा अपमान आहे, कुंपण आहे, इतिहास आहे. त्यांनी क्लब जाहिरात बघून निवडला नाही. ज्या संघात आपल्याला जागा नव्हती त्याला टाळी द्यायची नाही, या जिद्दीतून ती निष्ठा आली.

आणि न्यूझीलंड? तिथं रग्बी म्हणजे घराघरातलं वेड. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ तिथं आला तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. २५ जुलैला हॅमिल्टनमध्ये आंदोलक कुंपण तोडून मैदानात घुसले, हातात हात घालून मध्यभागी उभे राहिले आणि सामना रद्द करायला लावला. खेळावर जीव असलेल्या देशातल्या माणसांनी माणुसकीसाठी खेळ थांबवला. दक्षिण आफ्रिकेतल्या चळवळीचं म्हणणंच होतं की जिथं समाज सरळ नाही तिथं खेळ सरळ असू शकत नाही. पुढं काळ बदलला. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं रग्बीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तो उचलणारा कर्णधार सिया कोलिसी होता, त्या संघाचा पहिला काळा कर्णधार. हे टाळ्या वाजवून नाही, टाळ्या रोखून धरल्यामुळेही घडलं.

मग धाराशिवात आपण काय करायचं?

काही जण म्हणतील, खो-खोला ग्लॅमर नाही. ग्लॅमर कुठून येतं? कोल्हापूरला जाऊन बघा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे पेठांचे फुटबॉल संघ आहेत. त्यांच्यासाठी शाहू स्टेडियम भरतं. कुठल्या उद्योगपतीनं ते वेड विकत आणलं नाही, पेठांनी ते पिढ्यान् पिढ्या जपलं. तिथंही हुल्लडबाजी होते, हाणामाऱ्या होतात, ते घ्यायचं नाही. पण आपल्या गल्लीतल्या पोराला गल्लीनं संघ म्हणून उभं करायचं, हे घ्यायचं.

खो-खोला काय लागतं? दोन खांब, सपाट जमीन आणि बारा खेळाडू. महागडी बॅट नाही, पॅड नाहीत. या खेळाचे नियम एके काळी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, आणि आज तो आमच्या कोरडवाहू जिल्ह्यातल्या पोरींनी आपला केला आहे. याच्यापेक्षा बहुजन खेळ कुठला आणायचा?

म्हणून आमचं सरळ आवाहन आहे. प्रत्येक वस्तीतल्या तरुण मंडळानं एक संघ दत्तक घ्यावा, शक्यतो मुलींचा. दत्तक म्हणजे फोटो काढून हार घालणं नव्हे. सामना परंड्यात असो की उमरग्यात, दहा जणांनी तिथं जाऊन बसायचं. खेळणाऱ्या मुलीच्या घरी दूध, अंडी, केळी पोचतात का हे बघायचं. बुटांचा आणि एसटीच्या भाड्याचा प्रश्न मंडळानं सोडवायचा. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक वाटा यासाठी काढायचा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एका संघाचा महिन्यांचा खुराक निघतो, हिशेब करून बघा. आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे भूम-वाशीकडच्या ज्या पोरींचा सराव तुटतो, त्यांच्या राहण्याची सोय कोण करणार, हा प्रश्न गावच्या सरपंचापासून पालकमंत्र्यांपर्यंत विचारायचा. केंद्रानं आपल्याला 'आकांक्षित जिल्हा' म्हटलं आहे. मग आकांक्षा असलेल्या पोरींसाठी क्रीडा निधीतून काय आलं, हे माहिती अधिकारात मागायचं. आणि महिलांची व्यावसायिक लीग कधी, हा सवाल सतत लावून धरायचा.

आणखी एक. संघ निवडताना मुलीची जात विचारायची नाही. पण मांगवाड्यातली, पारधी वस्तीवरची, भीमनगरातली मुलगी मैदानापर्यंत पोचतच नसेल, तर ती का पोचत नाही हे मात्र विचारायचंच. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला जातीयवाद आहे, दुसरा जातिअंताचं काम.

आणि आपण ज्यांचे चाहते होऊ त्यांचेही भक्त व्हायचं नाही. प्रशिक्षक मुलींशी नीट वागत नसेल, निवडीत वशिला चालत असेल, बक्षिसाचे पैसे मधेच अडकत असतील, तर पहिला आवाज चाहत्याचा उठला पाहिजे. जो हरल्यावर शिव्या देतो आणि अन्याय झाल्यावर गप्प बसतो, तो चाहता नव्हे, गिऱ्हाईक.

१९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आपल्या कसबे तडवळ्याला आले होते, महार-मांग वतनदार परिषदेसाठी. वतनाच्या नावाखाली फुकट राबणाऱ्या माणसांना जागं करायला. दुसऱ्याच्या दारात फुकट राबणं सोडा, हेच त्या परिषदेचं सार. आज वतन नाही, पण दुसऱ्याच्या मालकीच्या संघासाठी रात्र-रात्र फुकट घसा फोडणं आहे. तो घसा आपल्या पोरींसाठी फुटू द्या. पुढच्या सामन्याला जिल्हा क्रीडा संकुलात या. निळा झेंडा घेऊन या, पिण्याचं पाणी घेऊन या, आणि पाटीतून उठलेल्या पोरीनं 'खो' दिला की असे ओरडा की मुंबईच्या मालकांना ऐकू गेलं पाहिजे.

जय भीम! जय संविधान!