विश्लेषण : अंतर तेवढेच, मग दिल्ली-लंडन प्रवास लांबला कसा?

दिल्ली ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला तर उत्तर येते आठ तास. इंटरनेटवरील अंतर मोजणारी पाने साधारण असेच गणित मांडतात. प्रत्यक्षात भारतीय कंपनीच्या विमानाला याहून बराच जास्त वेळ लागतो. असे का?

मोजलेले अंतर आणि उडालेले अंतर

ही पाने पृथ्वीच्या गोलावरील दोन विमानतळांमधले सर्वात कमी अंतर देतात. पण विमान त्याच रेषेवरून जाईल असे नाही. १९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या हवाई हद्दीवर पूर्ण हक्क आहे. तो दार बंद करू शकतो. शिवाय पश्चिमेकडे जाताना उंचावरील जोरदार वारे समोरून येतात. त्यामुळे जायला जास्त आणि परतायला कमी वेळ लागतो.

पाकिस्तानच्या बंदीने काय झाले?

पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. भारतानेही ३० एप्रिलला तसाच निर्णय घेतला. पुढे दोन्ही बाजूंनी महिन्या-महिन्याने मुदत वाढवली. दिल्लीहून युरोपला निघालेल्या विमानाला आधी खाली गुजरातकडे, मग अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. मुंबईचे विमान लगेच समुद्रावर येते, म्हणून त्याचा वळसा लहान. लंडनपासून अधिक दूर असूनही मुंबईला या बंदीचा फटका कमी बसला.

सर्वात बोलके उदाहरण ताश्कंदचे. दिल्लीहून ते तिरुवनंतपुरमपेक्षाही जवळ आहे. तरी इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची सेवा थांबवावी लागली, कारण वळशाचे अंतर तिच्या तेव्हाच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेले.

खर्च कोणावर?

वळसा म्हणजे जादा इंधन. ते इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जळते. वजन मर्यादेत ठेवायला प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो, नाहीतर वाटेत उतरून इंधन भरावे लागते. एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्नात थांबावे लागले. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही कायद्याची मर्यादा असते. २०१९मध्ये बालाकोटनंतरच्या बंदीत २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते.

पाकिस्तानची बंदी फक्त भारतीय विमानांना आहे. त्यामुळे त्याच मार्गावरील परदेशी कंपनी जवळच्या वाटेने जाऊ शकते. खर्च वाढला म्हणून भारतीय कंपनीने भाडे वाढवले तर प्रवासी तिकडे वळतो. न वाढवले तर तोटा वाढतो.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. युक्रेन युद्धामुळे २०२२मध्ये रशियाची हद्द बंद झाली आणि फिनएअरचा हेलसिंकी-टोकियो प्रवास साधारण साडेनऊ तासांवरून तेरा तासांवर गेला.

प्रवाशाने काय करावे?

किलोमीटरवरून वेळेचा अंदाज बांधू नये. तिकिटावरील वेळ पाहावी, वाटेत थांबा आहे का ते तपासावे आणि पुढचे विमान पकडायचे असेल तर दोन-तीन तास हाताशी ठेवावेत. विमानतळ जागचे हलत नाहीत, मधली वाट मात्र एका आदेशाने बदलते.